एजंटाचा ५ टक्के कॅप रेट आणि लातूरचा खरा हिशेब

तुमचा प्रश्न असा: लातूरला ट्यूशन एरियाजवळ ४८ लाखांत घर मिळतंय, महिना २० हजार भाडं येईल, एजंट ५ टक्के कॅप रेट सांगतोय, घ्यावं का?

एजंटानं २० हजारांना १२ नं गुणून २ लाख ४० हजार केले आणि ४८ लाखांनी भागले. हा कॅप रेट नव्हे. त्यासाठी खर्च वजा जाता जे भाडं हातात उरतं, त्याला घराच्या आजच्या किमतीनं भागायचं असतं.

मी दहा वर्षं औसा रोडला विद्यार्थ्यांना खोल्या देतोय, म्हणून काय काय वजा जातं ते सांगतो. मे महिन्यात नीटचा पेपर झाला की पोरं गाद्या गुंडाळतात, पुस्तकं पोत्यात भरतात आणि दोन दिवसांत खोल्या रिकाम्या. नवी बॅच येईपर्यंत दोन महिने कुलूप. इथंच ४० हजार गेले. दुसरं पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. उन्हाळ्यात बोअर आटला की टँकर घ्यावाच लागतो, आणि भाड्यात पाणी धरलेलं असल्यानं वरचे पैसे पोरांकडे मागता येत नाहीत. पहिल्या वर्षी मी टँकर हिशेबात धरलाच नव्हता, तेव्हा एप्रिलपासूनचं भाडं त्यातच जिरलं. तुमच्या घराला टँकर-मोटारीचे १५ हजार, घरपट्टी-नळपट्टीचे १० आणि रंग, नळ, वायरिंगचे १५ धरा. उरले १ लाख ६० हजार. भागिले ४८ लाख, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या जरा वर.

कर्जाचा हप्ता आणि इन्कम टॅक्स यात धरत नाहीत. रेट घराचा असतो, घेणाऱ्याचा नाही. पण तुम्ही कर्ज काढणार असाल तर बँकेच्या व्याजाशी तो नक्की ताडून बघा. बँक याहून बरंच जास्त व्याज घेणार आणि घर सव्वातीन टक्केच देणार, तर मधली तूट दरमहा पगारातूनच भरावी लागेल. पुढं घराची किंमत वाढेल का, हे कॅप रेट सांगत नाही.

हाच हिशेब उलटा करा. तुम्हाला खरोखर ५ टक्के हवे असतील तर १ लाख ६० हजारांच्या उत्पन्नाला ३२ लाखच किंमत बसते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. मी असतो तर ३५ च्या वर बोललो नसतो.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत एखाद्या कंपनीच्या कामगारांवर चालणाऱ्या खोल्यांचा रेट जास्त सांगितला तर लगेच हुरळू नका. भाडेकरू टिकायची खात्री नसली की किंमत कमी लागते, आणि किंमत कमी म्हणून रेट चढा दिसतो.

इसार देण्याआधी मालकाकडं मागच्या दोन वर्षांच्या मे-जूनच्या भाड्याच्या नोंदी मागा. आणि शेजारच्या घरी जाऊन विचारा, उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि कितीला पडतात.