वाचकांचे प्रश्न : दहा अंकी संख्या आणि ६४१

प्रश्न : ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे की संयुक्त? शंभरच्या आतल्या एकाही मूळ संख्येनं तिला भाग गेला नाही. वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासत बसायचं का?

उत्तर : नको, त्या ६,५४२ आहेत! संख्या संयुक्त आहे आणि ते एका भागाकारात कळतं. कोणता भागाकार करायचा तेवढं ठाऊक हवं.

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात आणि या पाचही मूळ आहेत. त्यावरून फ्रेंच गणिती फर्मानं सतराव्या शतकात पुढच्याही मूळच असणार असं मानलं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरनं नेमकी पुढचीच, म्हणजे तुमची संख्या, फोडून दाखवली.

युक्ती अशी. हिच्या कुठल्याही मूळ विभाजकाला १२८ नं भागलं तर बाकी १ च उरते. (ऑयलरनं १२८ ऐवजी ६४ हा भाजक वापरला होता, १२८ ची सुधारणा फ्रेंच गणिती लुकासची, १८७८ ची.) म्हणून उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१... १२९ आणि ५१३ ला ३ नं, ३८५ ला ५ नं भाग जातो, ते बाद. २५७ नं भागलं तर बाकी २. उरला ६४१.

इथे दहा अंकी भागाकारही मांडू नका, फक्त बाक्यांचे वर्ग करत चला. २ चा आठवा घात २५६. त्याचा वर्ग, म्हणजे १६वा घात, ६५,५३६; त्यातून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा केले, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६; त्यातून ६४१ × ३६ = २३,०७६ गेले, ३२व्या घाताची बाकी ६४०. त्यात १ मिळवला की ६४१, म्हणजे नि:शेष भाग. दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे का? याचेही विभाजक त्याच यादीतले असणार आणि वर्गमूळ साधारण २,५८८, म्हणून यादीतल्या मूळ संख्यांपैकी २५७ नंतर ६४१, ७६९, १,१५३, १,४०९ एवढेच तपासायचे. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. मूळच.

प्रश्न : हीच संख्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमला दिली तर तो १ दाखवतो. इंटरनेटवरची एक चाचणी तर तिला मूळ ठरवते.

उत्तर : पहिला दोष साठवणुकीचा. ३२ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात. पुढे मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणून १. ६४ बिटांचा प्रकार घ्या. पण दोन मोठ्या बाक्यांचा गुणाकार त्यातही कडेलोट करू शकतो, तेव्हा पायथन ही भाषा बरी, तिच्यात पूर्णांकाला अशी मर्यादा नसते.

दुसरी चाचणी बहुधा ‘२ चा (संख्या वजा १) वा घात त्या संख्येनं भागला की बाकी १ उरते का’ एवढंच पाहते. इथे तुमच्या संख्येनं भागताना २ चा ३२वा घात उणे १ सारखा वागतो, म्हणून ६४वा घात १ सारखा. संख्या वजा १ म्हणजे २ चा ३२वा घात, त्याला ६४ नं भाग जातोच. त्यामुळे २ हा आधार ३, ५, १७, २५७... या घराण्यातल्या प्रत्येक संख्येला पास करतो, मूळ असो वा नसो. आधार ३ घेऊन बघा, चोरी लगेच पकडली जाते.