शेवटच्या सायकलमागे कोण असतं?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. आमच्या भागातल्या एका क्रीडाशिक्षकांनी मुला-मुलींची माउंटन बाइकिंगची टीम सुरू केली आहे. दर रविवारी पहाटे विजापूर रोडने शहराबाहेर माळावर जातात. मुलीनं हट्टच धरलाय. माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत शाळेच्या अशाच टीममध्ये आहे, त्याचे फोटो बघून हिच्या डोक्यात हे आलं. पण सोलापुरात डोंगर कुठे आहे? सायकल म्हणे पन्नास हजारांची लागते. पडली-झडली तर काय? आणि सासूबाई म्हणतात, उन्हात काळी पडेल, मुलींना हे खेळ कशाला. पाठवू का नको?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पाठवा. पण आधी एका रविवारी स्कूटी काढून तुम्ही स्वतः त्यांच्या मागोमाग जा. पुढे कोण पळतंय त्याच्याकडे लक्ष देऊ नका. सगळ्यात मागे राहिलेलं मूल शोधा आणि त्याच्यामागे कोण आहे ते बघा. त्याच्यामागे एखादं मोठं माणूस सायकलवर असेल, त्याच्याजवळ हवेचा पंप, जादा ट्यूब, पाणी आणि प्रथमोपचाराची पिशवी असेल, तर डोळे झाकून नाव घाला. सर पुढच्या चार पोरांबरोबर टपरीवर पोचून चहा घेताहेत आणि शेवटचं मूल माळावर एकटंच चेन बसवत उभं आहे, असं दिसलं तर फी कितीही कमी असो, सायकली कितीही भारी असोत, तिथे पाठवू नका.

मी इतकी वर्षं शाळेत पीटी शिकवली आणि आता रविवारी अशाच मुलांच्या मागे राहण्याचं काम आवडीनं करते. म्हणून हे छातीठोक सांगते. या खेळात मूल नजरेआड होतं. कबड्डीचं मैदान एका नजरेत मावतं, इथे वळण घेतलं की बाभळीआड काही दिसत नाही. पुढच्याने वाट दाखवायची, मधल्याने वळणावर थांबून मोजायचं आणि मागच्याने कुणालाच मागे सोडायचं नाही, अशी तीन माणसं असल्याशिवाय टीम बाहेर काढूच नये. मुली असतील तर त्यात एक बाई हवीच. ही अट सरांना मोकळेपणानं सांगा. चांगल्या शिक्षकाला राग येणार नाही.

एक प्रसंग सांगते, म्हणजे चांगलं शिकवणं कसं दिसतं ते कळेल. हिप्परगा तलावाच्या बाजूला मुरमाचा एक उतार आहे. उंची दोन पुरुषसुद्धा नसेल, पण वरून बघितलं की पोटात गोळा येतो. सातवीतली एक मुलगी वर येऊन थांबली आणि दोन्ही ब्रेक करकचून दाबून धरले. बोटं पांढरी पडली होती. तिच्याबरोबरच्या सरांनी “घाबरू नको, जा” असं काही म्हटलं नाही. सायकल आडवी ठेवायला लावली आणि तिला चालत उतारावरून खाली नेलं. कुठला दगड सुटा आहे, कुठे मुरूम घट्ट बसलाय, ते तिला पायानं दाबून बघायला लावलं. परत वर आणलं. सीट चार बोटं खाली घेतली. दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून उभं राहायचं, कोपर सैल, कंबर मागे, प्रत्येक ब्रेकवर एकच बोट. “चाकाकडे बघू नको, खालच्या त्या बाभळीकडे बघ,” इतकंच सांगितलं. खाली बाकीची पोरं थांबली होती. एकानंही शिट्टी मारली नाही की हुर्यो केली नाही, तसा नियमच होता. मुलगी उतरली. मग स्वतःहून पुन्हा वर गेली आणि पुन्हा उतरली. नजर जिकडे तिकडेच सायकल जाते, हे तिला पुन्हा कुणी शिकवायला लागणार नाही.

तुमच्या भाच्याच्या टीमचं म्हणाल, तर तिकडे हे शाळेच्या पातळीवर फार नीट बसवलेलं आहे. नॅशनल इंटरस्कोलास्टिक सायकलिंग असोसिएशन ही त्यांची संस्था 2009 सालची. मूळ रोप उत्तर कॅलिफोर्नियातलं. सहावी ते बारावीची मुलं-मुली त्यात असतात आणि मला त्यांचं एक तत्त्व मनापासून आवडतं : बाकावर कुणी बसत नाही. राखीव खेळाडू हा प्रकारच नाही, टीममध्ये आलेलं प्रत्येक मूल सायकल चालवतं. शिकवणाऱ्यांना प्रथमोपचाराचं आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. सायकलवर असेपर्यंत हेल्मेट डोक्यावर, मग ते पार्किंगमध्ये का असेना. यातलं काहीही सोलापुरात करायला पैसे लागत नाहीत. ठरवायला लागतं.

आता डोंगराचं. नाव माउंटन असलं तरी शिकायला डोंगर लागत नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून जो क्रॉस-कंट्री प्रकार खेळतात, त्यात साधारण 4 ते 6 किलोमीटरचा फेरा पुन्हा पुन्हा मारायचा असतो : चढ, उतार, दगड, वळणं. आपल्याकडे मुरमाड माळ आहे, ओढे आहेत, पाणंद आहे, कॅनॉलच्या कडेचा कच्चा रस्ता आहे. सुट्या मुरमावर वळायला जो शिकला, तो कुठेही वळतो. खरा मोठा चढ हवा असेल तर बालाघाटाची रांग तुळजापूरकडे आहेच, पण ती पुढची गोष्ट. नान्नजकडचं माळरान मात्र सोडा. ते माळढोकाचं अभयारण्य आहे, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या गवतात आपली चाकं नकोत. टीम तिकडे जात असेल तर सरांना विचारा, वनखात्याची परवानगी आहे का. आणि पाऊस पडल्यावर काळ्या रानात कुणीच जाऊ नये. काळी माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं, जोर लावला की गिअर मोडतो. शिवाय ओल्या वाटेवर चाकोऱ्या पडून शेतकऱ्याचं नुकसान होतं.

पडण्याची काळजी तुम्हाला आहे. माळावर मुलं पडतात, कोपर-गुडघे सोलतात, क्वचित मनगट किंवा खांद्याजवळचं हाड मोडतं. हे लपवण्यात अर्थ नाही. हेल्मेट आणि हातमोजे यांनी बराच फरक पडतो. हेल्मेट सायकलचंच घ्या, मोटारसायकलचं नको, ते जड आणि बंद असतं. भुवईच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली जुळलेले, हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतकं घट्ट. एकदा जोरात आपटलं की वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं.

पण ताई, मला माळापेक्षा माळापर्यंतच्या रस्त्याची भीती जास्त वाटते. गाळप हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या विजापूर रोडवरून निघतात आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. त्यामुळे सरांना पहिला प्रश्न हा विचारा : मुलं घरून माळापर्यंत कशी जातात? उजाडल्यावर, एका रांगेत, मागे लाल दिवा लावून आणि मोठ्या माणसांच्या मध्ये जात असतील तर ठीक. त्याहून चांगलं म्हणजे तीन-चार पालकांनी मिळून टेम्पो ठरवावा आणि सायकली हायवेपलीकडे उतरवाव्यात.

पन्नास हजारांची सायकल आत्ता अजिबात नको. फक्त पुढे शॉकअप असलेली, डिस्क ब्रेकची साधी गिअरची सायकल 15 ते 20 हजारांच्या आसपास मिळते, वापरलेली त्याहून स्वस्त. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्तातली सायकल दिसायला भारी असते, पण वजनानं जीव काढते. सगळ्यात महत्त्वाचं माप. फ्रेमवर पाय टाकून उभी राहिली की मधल्या दांडीपासून दोन इंच तरी अंतर राहायला हवं. “वाढत्या अंगाची आहे, मोठी घेऊन ठेवू” हा हिशोब फ्रॉकला चालतो, सायकलला नाही. मोठ्या सायकलवरून मूल घसरतं.

उन्हाचं म्हणाल, तर मार्च ते मे आपल्याकडे साडेसातनंतर मुलं माळावर असूच नयेत. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, सोबत मीठ-साखर-लिंबू. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा येणं, असं काहीही मूल म्हणालं की त्याच क्षणी सावलीत बसवायचं, अंग ओलं करायचं. मूल असंबद्ध बोलायला लागलं तर पाण्यानं गार करत करतच दवाखाना गाठायचा. सरांना हे तोंडपाठ असायला हवं. विचारून बघा.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घातला की उन्हाचा प्रश्न मिटतो. रंगाचा मात्र मी विचारच करणार नाही आणि तुम्हीही मुलीसमोर करू नका. संगमनेरची प्रणिता सोमण याच खेळात राष्ट्रीय पातळीवर पोचली, तिचे फोटो आजींना दाखवा. पाळीच्या दिवसांत काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मनात असेल. तिला बरं वाटत असेल तर जाऊ द्या, नसेल तर घरी राहू द्या. टीममधल्या बाईंशी ती हे बोलू शकते, एवढं तिला माहीत असलं म्हणजे झालं.

स्पर्धेची घाई नको. आंतरराष्ट्रीय नियमात वय जन्मवर्षावरून धरतात आणि ज्युनिअर गट 17 व 18 वर्षांचा असतो. तुमच्या मुलीला भरपूर वेळ आहे.

प्रश्न : मी दहावीत आहे. दिवाळीपासून टीममध्ये आहे. चढ आला की सगळ्यात मागे पडतो, सगळे वर थांबून माझी वाट बघतात. कुणी काही बोलत नाही, पण मला लाज वाटते. टीम सोडू का?
– एक विद्यार्थी, अक्कलकोट रोड

उत्तर : नको सोडू, बाळा. तुझ्या वयात एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरात दोन-दोन वर्षांचं अंतर असतं. एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसऱ्याची उंची अजून सुरू व्हायची असते. चढावर हे सगळ्यात जास्त दिसतं. मागे पडणं म्हणजे कमी असणं, असा अर्थ लावू नकोस.

तरी दोन-तीन गोष्टी तपासून बघ. सीटवर बसून टाच पेडलवर ठेव. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट खाली आहे आणि तुझी निम्मी ताकद वाया जाते. हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाक. चढाच्या मध्यावर जोर लावत बदललास की चेन उडते आणि पाय टेकावा लागतो. सीटवर बसूनच भराभर पाय फिरव, उभा राहू नकोस, मुरमावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. आणि रिकाम्या पोटी जातोस का? निघायच्या तासभर आधी एखादं केळं किंवा गूळ लावून अर्धी भाकरी खा.

सगळे वर थांबतात ना? मग तुझी टीम चांगली आहे. फक्त तू पोचलास की लगेच निघत असतील, तर सरांना सांग, “मलाही दोन मिनिटं दम खाऊ द्या.” नाहीतर होतं असं, की जो सगळ्यात दमलेला त्यालाच विश्रांती मिळत नाही. हे सांगायला लाज वाटत असेल तर ही पानं सरांना दाखव. बोर्डाच्या आधीचे दोन महिने रविवार सोडलास तरी चालेल, नंतर परत जा.

प्रश्न : मुलाच्या सायकलचं दर आठवड्याला पंक्चर निघतं. दुकानदार टायर बदला म्हणतो. काय करावं?
– एक पालक, होटगी रोड

उत्तर : टायर बहुधा चांगला असेल. आपल्या माळावर सराटे आणि वेडी बाभूळ आहे, तेच कारण. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापड फिरवून बघता का? सराट्याचं टोक आत मोडून राहतं आणि नवी ट्यूब त्याच जागी पुन्हा फुटते. आधी ते चिमट्यानं काढा. मग ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा पातळ चिकट द्रव, भरून घ्या. व्हॉल्व्हची सुई निघणारी असेल तर सायकलच्या दुकानात भरून देतात. काटा लागला की उपटायचा, छिद्र खाली येईल असं चाक फिरवायचं, बारीक छिद्र आतून बुजतं. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावं लागेल. तरी मुलाच्या पाठपिशवीत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप असू द्या, आणि ट्यूब बदलायला त्याला घरीच अंगणात शिकवा.