रस्ता कॅनडाचा, पैसे अमेरिकेचे

प्रश्न: कॅनडातून अमेरिकेच्या अलास्का राज्यात जाणाऱ्या अलास्का हायवेवरून आम्ही दोघं गाडीने गेलो. कॅनडातल्या युकॉनमध्ये, बीव्हर क्रीकच्या आसपास रस्ता इतका वरखाली की कपातली कॉफी थेट मांडीवर. दोन्ही देश श्रीमंत, मग एक रस्ता धड ठेवता येत नाही? आणि खर्च नेमका कोण करतं?

उत्तर: त्या पट्ट्यात कॉफी सगळ्यांचीच सांडते, मनाला लावून घेऊ नका. पैशांच्या आधी जमिनीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. तिथे रस्त्याखाली पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली माती, आणि मातीत बर्फही भरपूर. वरचा काळा रस्ता उन्हाळ्यात तापतो, खालचा बर्फ वितळतो, रस्ता बसतो, हे आपल्याला लगेच पटतं. पण हिवाळ्यात तर थंडीने सगळं परत घट्ट व्हायला हवं ना? तिथेच गंमत आहे. स्नोप्लाऊ रस्त्यावरचा बर्फ कडेला ढकलतो, तो भरावाच्या उतारावर साठतो आणि चक्क रजईचं काम करतो, बाहेर उणे ३० असलं तरी ती थंडी खालच्या मातीपर्यंत नीट पोचतच नाही. मग भराव कडेने मऊ पडत जातो आणि रस्त्याला लांबच्या लांब उभ्या भेगा जातात. म्हणजे रस्ता चालू ठेवायला जे करायचं त्यानेच तो खचतो! २००८ मध्ये बीव्हर क्रीकजवळ मुद्दाम एक प्रयोगाचा तुकडा बांधला, उतारावर शेड टाकून बर्फ मातीला लागू न देणं, भरावातून थंड हवा खेळवणं वगैरे करून बघितलं. पण शेकडो किलोमीटर असं करायचं म्हटलं की हिशोब करणारा माणूस गप्प होतो.

आता पैसे. हा रस्ता १९४२ मध्ये अमेरिकन आर्मीने युद्धाच्या घाईत काही महिन्यांत काढला आणि १९४६ मध्ये कॅनडातला भाग कॅनडाच्या ताब्यात गेला. पण त्या टोकाला गाड्या बहुतेक अलास्काला जाणाऱ्या-येणाऱ्या. मालक एक, वापरणारा दुसरा. म्हणून १९७७ मध्ये शाकवाक करार झाला: हेन्स रोड (अलास्कातल्या हेन्स गावाहून या हायवेला येऊन मिळणारा रस्ता) आणि हायवेचा तो उत्तरेकडचा भाग नव्याने बांधायचा खर्च अमेरिकेचा, जागा, खडी आणि पुढची देखभाल कॅनडाची. मला तरी हा सौदा रास्त वाटतो. पण २०१२ च्या अमेरिकन हायवे कायद्यात ही तरतूदच गळली. २०२१ च्या कायद्याने दार परत उघडलं, पण मधली नऊ वर्षं बर्फ वितळायचा काही थांबला नव्हता.

बॉर्डरपलीकडे अलास्कात वेगळंच. तिथे मोठ्या प्रोजेक्टला केंद्राकडून साधारण ९० टक्के पैसे येतात, पण बर्फ काढणं, खड्डे बुजवणं ही रोजची कामं राज्याच्या खिशातून. आणि तो खिसा कसा, तर पेट्रोलवरचा राज्याचा टॅक्स १९७० पासून गॅलनला ८ सेंटच! त्यात २००८ मध्ये तेल महागलं म्हणून वर्षभर तोही माफ केला होता. वर अलास्काची स्वतःची राज्यघटनाच सांगते की एखादा टॅक्स एका कामासाठी बांधून ठेवायचा नाही, म्हणजे रस्त्याच्या हक्काचे असे पैसेच नाहीत, दरवर्षी विधिमंडळाकडे मागायचे आणि तिकडची तिजोरी तेलाच्या भावावर हलते. त्यामुळे उद्या अख्खा रस्ता नव्याने करायला पैसे मिळतील, पण आज भेग बुजवायला मिळतील याची खात्री नाही. माझं मत विचाराल तर जमिनीइतकाच हा नियमही रस्ता खचवतो.

प्रश्न: मग टोल लावा ना, वापरेल तो भरेल.

उत्तर: टोलला गाड्या लागतात हो. दिवसाला थोड्याशा गाड्या येणार, त्यांच्यासाठी टोलनाक्यावर माणूस बसवायचा, नाका गरम ठेवायचा, जमा किती होणार? जिथे वापरणारे मोजके आणि पैसेवाले आहेत तिथे मात्र हे छान जमतं. कॅनडाच्याच नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये टिबिट-कॉन्टवॉयटो नावाचा साधारण ४०० किलोमीटरचा आइस रोड आहे, बराचसा गोठलेल्या तलावांवरून जाणारा, तो हिऱ्यांच्या खाणी आपसात खर्च वाटून दर हिवाळ्यात नव्याने करतात. वितळला की विषय संपला, खड्डे नाहीत की भेगा नाहीत. मात्र २००६ मध्ये हिवाळा उबदार निघाला, रस्ता लवकर बंद करावा लागला, आणि राहिलेला माल विमानाने न्यायचं बिल खाणींनाच आलं.

प्रश्न: काळा रस्ता तापतो तर खडीचाच का नाही ठेवत?

उत्तर: ठेवतात की. युकॉनमधला डेम्पस्टर हायवे १९७९ मध्ये सुरू झाला तो जाड खडीच्या भरावावरच, अलास्कातल्या डाल्टन हायवेचाही बराच भाग खडीचा. खचला की खडी टाका, ग्रेडर म्हणजे रस्ता सपाट करणारं मशीन फिरवा, झालं. फक्त ग्रेडर सारखा फिरवावा लागतो, धूळ बसवायला कॅल्शियम क्लोराइड मारावं लागतं, आणि हे सगळं परत त्या रोजच्या खर्चातच मोडतं.