बाईंना विचारा : क्यू आला, पण यू कुठाय?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीला आहे. सुट्टीत पुण्याहून तिचा मामेभाऊ येतो आणि स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा, डाव मांडतो. हिच्या वाट्याला क्यू आला की यू मिळेपर्यंत ती नुसती बसून राहते आणि हरते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, त्यात हे इंग्रजी. हातातल्या अक्षरांचे शब्द शोधायचे तरी कसे?
— एक आई, अशोक चौक, सोलापूर

ताई, तिला आधी सांगा, यूची वाट पाहू नकोस. खेळातल्या १०० टाइलपैकी क्यू एकच असतो आणि यू चार. ते चारही समोरच्याकडे गेले तर?

क्यूच्या मागे यू हवाच, हे आम्हीच शाळेत शिकवतो. पण अरबी-फारसीतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांनी तो नियम पाळलेला नाही, आणि नेमके तेच शब्द सोलापूरच्या मुलीच्या कानावरून रोज जातात. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी. एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर. एन-आय-क्यू-ए-बी, नकाब. टी-ए-एल-ए-क्यू, तलाक. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा. आपल्या शेजारच्या विजापुरात आदिलशाहीच्या काळात शहराला असंच पाणी आणलं होतं. तिला एकदा तिथं न्या, तो शब्द ती जन्मात विसरणार नाही. आणि कव्वाली! क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, बरोबर सात अक्षरं. हातातल्या सातही टाइल एका खेळीत लावल्या की ५० गुण जास्तीचे मिळतात. शब्दाचे स्वतःचे २२. म्हणजे पटावरची गुण वाढवणारी रंगीत घरं न धरताच ७२ झाले. दोनच अक्षरांना जागा असेल तर क्यू-आय लावायचा. हा चिनी शब्द आहे, अर्थ प्राणशक्ती, गुण ११.

हे झालं क्यूचं. बाकीच्या अक्षरांसाठी तिला एक वही घालून द्या. आपली मुलं इंग्रजी शब्द कानानं लक्षात ठेवतात, कारण मराठी आणि तेलुगूत जसा उच्चार तसं लेखन. त्यामुळे 'लिसन' आणि 'सायलेंट' हे दोन्ही शब्द त्याच सहा अक्षरांचे आहेत हे त्यांना दिसतच नाही. ऐकायला दोन्हींत काही साम्य आहे का? म्हणून शब्दाची अक्षरं सुटी करून एबीसीडीच्या क्रमानं लावायची. दोन्हींची ओळ एकच येते : ई, आय, एल, एन, एस, टी. ही ओळ पानाच्या माथ्यावर लिहायची आणि खाली 'लिसन', 'सायलेंट', 'एन्लिस्ट', 'टिन्सेल'. दुसऱ्या पानावर ओ, पी, एस, टी. खाली 'स्टॉप', 'स्पॉट', 'पोस्ट', 'टॉप्स'. खेळताना हातातली अक्षरं त्याच क्रमानं मांडली की पान डोळ्यांसमोर येतं. संगणकही अक्षरांवरून शब्द शोधतो तेव्हा बहुधा हेच करतो, प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमानं लावून ओळी जुळवतो. फरक इतकाच, वही केली की शब्द मुलीचा होतो. छापील याद्या पाठ करायला लावू नका. अर्थ माहीत नसलेला शब्द चार दिवसांत जातो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय.

एस चारच असतात, ते उगाच खर्चू नये. आय, एन, जी एकत्र आले तर शक्यतो एकत्र ठेवावेत, उरलेल्या चारांत क्रियापद शोधावं.

या गुणांमागंही विचार आहे. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदानं १९३०च्या दशकात वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून कोणतं अक्षर किती आणि किती गुणांचं ते ठरवलं. म्हणून ई १२ आहेत आणि प्रत्येकाला एकच गुण. स्क्रॅबल हे नाव १९४८चं. इंग्रजी वर्तमानपत्रात क्यू दुर्मीळ, म्हणून त्याला १० गुण. तुमच्या मुलीला तो दुर्मीळ वाटायचं कारण नाही.

प्रश्न : मी रोज वर्डल, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, खेळतो. कधी कधी ए, ई, आय, ओ, यू सगळे करडे होतात, म्हणजे शब्दात नसतात. मग काय करायचं? आणि मोबाईलवर अक्षरं टाकून शब्द शोधणं ही लबाडी आहे का?
— कॉलेजचा विद्यार्थी, होटगी रोड

पाचही गेले की वाय धरा. 'निम्फ', 'क्रिप्ट', 'ग्लिफ', 'ट्रिस्ट', 'पिग्मी', सगळे पाच अक्षरी आणि सगळ्यांत स्वराचं काम वाय करतो. बहुतेकांत तो मधोमध बसतो, म्हणून आधी तिसऱ्या घरात घालून पाहा.

दुसऱ्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर : डाव चालू असताना शोधणं लबाडीच. समोर माणूस असो वा नसो. डाव संपल्यावर मात्र जरूर शोधा, कोणता शब्द हुकला ते पाहा आणि त्याचा अर्थ वाचा.

प्रश्न : नातू स्क्रॅबलमध्ये 'रोटी' लावतो आणि गुण मागतो. हा इंग्रजी शब्द आहे का?
— एक आजोबा, जुळे सोलापूर

द्या त्याला गुण, आजोबा. 'रोटी', 'डाळ', 'साडी', 'धोतर', 'खादी', 'तबला' यांची इंग्रजी रूपं कॉलिन्स शब्दकोशाच्या स्क्रॅबल यादीत आहेत. फक्त स्पेलिंग तिथलंच हवं. साडीला एस-ए-आर-आय, धोतराला डी-एच-ओ-टी-आय. आपली चादरसुद्धा आहे, सी-एच-ए-डी-डी-ए-आर. तिथं तिचा अर्थ बायका अंगभर घेतात ते वस्त्र असा आहे, पण सातही अक्षरं एकदम लागली तर १४ अधिक ५०. 'सोलापूर' लावू देऊ नका, विशेषनामं चालत नाहीत. आणि अमेरिकेत वेगळी यादी वापरतात, तेव्हा कोणती यादी धरायची ते टाइल वाटण्याआधी दोघांनी ठरवा.