सेन्सरचा खर्च सोडा, पॉलिसी बाहेर काढा

प्रश्न: नाशिकच्या कॉलेज रोडला माझे सहा खोल्यांचे क्लासेस आहेत. प्रत्येक खोलीत दीड टनाचा एसी, चार जुने पंखे, सहा एलईडी ट्यूब. वर्षाचं वीजबिल सव्वादोन लाख. खोली रिकामी होताच सगळं बंद करणारे सेन्सर १ लाख ९० हजारांत मिळतायत, ॲपचे वर्षाला १८ हजार वेगळे. ४० टक्के बचत सांगतात. आठ वर्षं भरत असलेल्या पॉलिसीवर (२० वर्षं, हप्ता १ लाख २० हजार, विमा २४ लाख) साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढू का? वय ४२, पत्नी गृहिणी, दोन मुलं, गृहकर्ज ३० लाख.

उत्तर: नको. रिकाम्या खोल्यांत रोज दोन तास सगळं चालू राहतं असं धरू. एसी नाशकात चार महिने: १८०० युनिट. पंखे ९००, ट्यूब ४३०. तेरा रुपयांनी ४० हजार. त्यातून ॲपचे १८ आणि कर्जाचं व्याज १८ हजार वजा करा. उरले चार हजार! महावितरणचा स्थिर आकार तर तसाच राहतो.

शिवाय स्वस्त पीआयआर सेन्सरला (शरीराच्या उष्णतेवरून माणूस ओळखणाऱ्या) हालचाल लागते. पोरं मान खाली घालून पेपर सोडवत असली की भर परीक्षेत अंधार. तो सेन्सर जिन्यात आणि स्वच्छतागृहात बसवा, दहा मिनिटांच्या विलंबावर. वर्गात बारीक हालचालही टिपणारा रडार सेन्सर लागतो, आणि एसीचा पुरवठा थेट तोडायचा नसतो, रिमोटसारखा सिग्नल देऊन तो बंद करायचा असतो. त्यापेक्षा २४ पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) करा. ७५ ऐवजी ३० वॅट. खर्च ७२ हजार, वर्षाला ३५ हजार वाचतात.

आता जे विचारलंच नाहीत ते. उद्या तुमचं काही झालं तर विम्याचे २४ लाख आणि जमलेला बोनस जवळपास गृहकर्जातच संपतील, आणि क्लासेस तुमच्याशिवाय चालणार नाहीत. पॉलिसीचे मुदतीअंती ४५ लाख मिळाले तरी परतावा साडेपाच टक्केच. त्यावर साडेनऊने कर्ज! 'विमाही, बचतही' म्हणून गळ्यात मारलेल्या पॉलिसीत दोन्ही अर्धवटच मिळतात.

आधी एक कोटीचा टर्म विमा (बचत नाही, फक्त मृत्यू झाल्यास पैसे) घ्या, हप्ता साधारण २५ हजार. बीपी, शुगर, तंबाखू काही लपवू नका, नाहीतर दावा अडतो. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचे हप्ते थांबवून ती पेड-अप करा. विमा सुमारे साडेनऊ लाखांवर येईल, जमलेला बोनस राहील. वाचलेल्या पहिल्याच हप्त्यात टर्मचे पैसे आणि पंखे दोन्ही बसतात. त्या पॉलिसीवर कर्ज मात्र काढू नका. पेड-अप पॉलिसीवर व्याज थकत गेलं तर कंपनी ती बंद करून वसुली करते.