दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात डोंगरावरच्या शोला (बुटक्या, सदाहरित झाडांच्या) जंगलातले प्रदेशनिष्ठ पक्षी नवख्याने ओळखायचे कसे?

आधी नकाशा बघा, पुस्तक नंतर. प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठरावीक प्रदेशातच आढळणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत जागाच अर्धी ओळख पटवते. शोलाकिली या छोट्या पक्ष्याचंच घ्या: केरळ-तामिळनाडू सीमेवर पश्चिम घाटाला छेदणाऱ्या पालघाट खिंडीच्या उत्तरेला निलगिरी शोलाकिली, दक्षिणेला पांढऱ्या पोटाची. सखल, रुंद खिंड ओलांडणं या डोंगरी पक्ष्यांना जमत नाही, म्हणून दोन जाती वेगळ्या झाल्या. दिसायला दोघी निळ्या. कुशी, म्हणजे पोटाच्या दोन्ही बाजू, नीट बघा. तांबूस असतील तर निलगिरी, करड्या-निळ्या असतील तर दुसरी.

धुक्यात आणि दाट झाडोऱ्यात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, त्यामुळे आवाज आधीच ऐकून जा. पहाटे ओढ्याकाठी गप्प उभं राहा. आणि कृपया, रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या काळात त्याला फार त्रास होतो.