जुनी मातीची आणि चिनी मातीची भांडी कपाटात जपून ठेवावीत की रोज वापरावीत?

आपण विचारले आहे की, वर्षभरात जमलेल्या जुन्या भांड्यांपैकी तपकिरी-पांढरी मोठी बरणी, निळ्या नक्षीची पण बारीक भेगा पडलेली थाळी आणि सोनेरी कडेचे सहा कप रोजच्या वापरात आणावेत की फुटतील या भीतीने काचेच्या कपाटात ठेवावेत. माझे उत्तर असे की तिन्ही वापरावीत, परंतु तिन्हींकडून एकच काम घेऊ नये. जुन्या भांड्याला कोणते काम झेपेल, हे त्याच्या वयावरून किंवा किमतीवरून ठरत नाही; त्याची माती, तिच्यावरची झिलई म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, आणि आपल्या हाती येण्यापूर्वी त्याच्यावर काय काय झाले आहे, यांवरून ते ठरते.

मी सुमारे वीस वर्षे अशी भांडी जमवत आले आहे आणि कोणतेही भांडे हाती आले की आधी ते उलटे करून पाहते. बुडाच्या कडेवर बहुतेक वेळा झिलई नसते, कारण ती भट्टीत वितळून भांडे खालच्या फळीला चिकटू नये म्हणून कारागिराने तेवढ्या जागेवरून पुसून काढलेली असते. त्यामुळे नक्षीखाली झाकलेली खरी माती तिथे उघडी दिसते. त्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवावा. साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजलेली माती तो थेंब पाहता पाहता शोषून घेते, कारण तिचे कण एकमेकांना धरून असले तरी त्यांमधली छिद्रे तशीच राहिलेली असतात. १२०० अंशांच्या पुढे, माती त्या जातीची असेल तर, तिच्यातील काही द्रव्ये वितळून ती छिद्रे काचेसारखी भरून काढतात आणि थेंब वर तसाच राहतो. अशा दगडासारख्या घट्ट भांड्यांना स्टोनवेअर म्हणतात. पोर्सेलीन काओलिन नावाच्या पांढऱ्या मातीपासून, बहुधा १२५० ते १४०० अंशांच्या आचेत तयार होते, आणि पातळ असेल तर दिव्यासमोर धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दाखवते. बोन चायनाही तशीच सावली दाखवते. तिच्या मिश्रणात जवळजवळ निम्मा भाग भाजलेल्या हाडांच्या राखेचा असतो आणि तिचा पांढरेपणा पोर्सेलीनपेक्षा सहसा अधिक उबदार, सायीसारखा दिसतो.

वर्णनावरून आपली बरणी स्टोनवेअरची असावी, आणि तसे असेल तर आपल्या तीन वस्तूंपैकी रोजच्या कामाला तीच सर्वांत योग्य आहे. जुन्या स्टोनवेअरवर दोन प्रकारच्या झिलया वारंवार आढळतात. एक मिठाची : भट्टी पुरेशी तापली की तिच्यात मीठ टाकत, त्याची वाफ भांड्यांवर फिरे आणि तिच्यातील सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत, चमकदार थर तयार होई. दुसरी झिलई १८३५ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे पुढे आली. ती फेल्डस्पार नावाचे खनिज आणि जस्त यांची असून खाली पांढरट आणि वर तपकिरी अशी दुरंगी बरणी बहुधा तिचीच असते. या दोन्हींना शिसे या विषारी धातूची गरज लागत नाही. मात्र अशा बरण्यांतून आणि बाटल्यांतून शाई, पॉलिश आणि तीव्र आम्लेसुद्धा विकली जात असत, म्हणून आतून रंगाचा डाग किंवा औषधी वास असलेली बरणी स्वयंपाकघरात आणू नये. आतली बाजू स्वच्छ असेल, तर बरणी तळहातावर घेऊन बोटाच्या पेराने हलकेच ठोकावी. अखंड भांडे नाद देते. तडा गेलेल्या भांड्याचा आवाज बद्द येतो, तो एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही.

बुडावरच्या शिक्क्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एवढे सांगून ठेवते. अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या आयात-कराच्या कायद्यानुसार १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले, त्यामुळे ज्या शिक्क्यात देशाचे नाव आहे ते भांडे बहुधा त्यानंतरचे असते. ब्रिटिश भांड्यांवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे नोंदणीचिन्ह असेल, तर ती नक्षी १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेली आहे. १८८४ पासून त्या चिन्हाऐवजी नुसता क्रमांक येऊ लागला. परंतु शिक्क्याची नक्कल करता येते आणि मातीची करणे फार कठीण असते, म्हणून मी शिक्का सर्वांत शेवटी वाचते.

आता शिशाचा विषय, आणि तो मी थोडक्यात आटोपणार नाही. शिसे मिसळले की झिलई कमी आचेवर वितळते, भांड्यावर सारखी पसरते आणि तिला खोल, ओलसर चमक येते; या गुणांमुळे कित्येक शतके साध्या मातीच्या भांड्यांवर शिशाचीच झिलई चढवली गेली. अशी झिलई नीट भाजलेली असेल तर शिसे तिच्यात बरेचसे अडकून राहते. ती कमी भाजलेली असेल, झिजलेली असेल किंवा तिच्यात हिरव्या रंगासाठी तांबे मिसळलेले असेल, तर आंबट पदार्थ ते शिसे ओढून घेतात, आणि पदार्थ जितका अधिक वेळ भांड्यात राहील व जितका गरम असेल तितके ते अधिक उतरते. त्याला चव किंवा वास नसतो, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याची इजा सर्वाधिक होते. प्रयोगशाळेत ही चाचणी ४ टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, २२ अंश तापमानाला २४ तास भांड्यात ठेवून करतात. युरोपीय समुदायाच्या १९८४ च्या निर्देशाने खोलगट भांड्यांसाठी लिटरमागे ४ मिलिग्रॅम शिसे आणि ०.३ मिलिग्रॅम कॅडमियम (रंगांत वापरला जाणारा दुसरा विषारी धातू) ही कमाल मर्यादा घातली, आणि शिजवण्याच्या भांड्यांसाठी तीच मर्यादा अनुक्रमे १.५ आणि ०.१ मिलिग्रॅम ठेवली. जुनी भांडी या मर्यादा डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली नाहीत. बाजारात मिळणारी, पुसताच लाल होणारी चाचणीची काडी पृष्ठभागावर शिसे आहे का एवढेच दाखवते; किती उतरते हे ती सांगत नाही, आणि ती लाल झाली नाही म्हणून भांडे निर्धोक ठरत नाही.

म्हणून माझ्या घरात एक नियम आहे आणि पाहुण्यांसाठीही मी तो मोडत नाही : ज्या मऊ, म्हणजे थेंब शोषून घेणाऱ्या मातीच्या, चमकदार झिलईच्या भांड्याचा पूर्वेतिहास मला ठाऊक नाही, त्यात सोलून खायच्या फळांखेरीज खाण्यापिण्याचे काही ठेवायचे नाही. भडक पिवळ्या, नारिंगी आणि लाल भांड्यांच्या बाबतीत मी अधिक सावध असते, कारण या छटा अनेकदा कॅडमियमपासून येतात. अमेरिकेत १९३६ पासून निघालेल्या एका प्रसिद्ध नारिंगी-लाल भांड्यांच्या झिलईत तर चक्क युरेनियम ऑक्साइड होते. अशा भांड्यांना घरात काम मिळत नाही असे मुळीच नाही. किल्ल्या, पत्रे, लोकरीचे गुंडे, सालीसकट ठेवून नंतर सोलून खायची फळे, आत काचेचा पेला ठेवून सजवलेली फुले, हे सारे त्यांत शोभते आणि रोज हाताळलेही जाते.

आपल्या थाळीवरच्या केसासारख्या भेगा हे वेगळे प्रकरण आहे. भाजलेले भांडे निवताना झिलई आणि माती सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत, झिलई अधिक आकसली, तर ती ताणली जाते आणि तिच्यात जाळे पडते. सच्छिद्र मातीत हे वर्षानुवर्षांनीही घडते, कारण ती हवेतला ओलावा हळूहळू शोषून किंचित फुगते आणि वरची काचेसारखी झिलई तिच्याबरोबर फुगू शकत नाही. नक्षीला त्याने धोका नसतो. कोबाल्टचा निळा रंग झिलईखालीच भट्टीची आच सोसतो, म्हणून तर इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रे पातळ कागदावर उतरवून थाळ्यांवर छापण्याची पद्धत निळ्या रंगात इतकी फोफावली. कडेची नक्षी निरखून पाहिलीत तर कागदाचे दोन तुकडे जिथे भेटले तिथे वेल किंचित तुटलेली दिसेल. त्या जागी मला नेहमी तो कागद बसवणारे हात दिसतात. धोका आहे तो अन्नाला. तेल आणि रस त्या भेगांतून आतल्या मातीत उतरतात, तिथे साबण पोचत नाही, आणि थाळी गरम होताच जुना खवट वास वर येतो. तेव्हा ओले, तेलकट किंवा गरम पदार्थ तिच्यात वाढू नयेत. कोरड्या पावासाठीसुद्धा मध्ये रुमाल अंथरावा. डाग घालवण्यासाठी क्लोरीनयुक्त ब्लीच कधीही वापरू नये, कारण त्यातले क्षार मातीत राहतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि ते झिलईचे पापुद्रे आतून उचकटून टाकतात.

दुरुस्तीचा धडा मला पाणी ओतायच्या एका जुन्या जगने दिला. विकणाऱ्याने तो अखंड म्हणून दिला होता आणि मीही दिवसाच्या उजेडात पाहून घेतला होता. घरी आणून कोमट पाण्यात बुडवला, थोड्या वेळाने मुठीला धरून उचलला, आणि मूठ तेवढी हातात आली. जुना सरस पाण्याने सुटला होता आणि त्यावरचा रंग सालीसारखा निघाला होता. तेव्हापासून मी जवळ अतिनील प्रकाशाची लहान विजेरी बाळगते. अंधारात तिच्या उजेडात नंतर लावलेले गोंद आणि रंग सहसा आजूबाजूच्या झिलईहून वेगळे चमकतात. नवे भांडे मी पाण्यात भिजत घालत नाही, आधी ओल्या कापसाने एका कोपऱ्यात पुसून पाहते. आणि सांधलेले भांडे, सांधा कितीही सुबक असला तरी, मुठीने उचलत नाही आणि त्यात गरम काही ओतत नाही.

सोनेरी कडेचे कप कपाटात राहावेत असे मला वाटत नाही. सोने आणि रंगीत फुले बहुधा झिलईच्या वर, सुमारे ७०० ते ८५० अंशांच्या शेवटच्या हलक्या आचेत बसवलेली असतात, त्यामुळे ती घासण्याने जातात आणि भांडी धुण्याच्या यंत्रात तर फार लवकर जातात. मायक्रोवेव्हमध्ये सोन्यावर ठिणग्या उडतात. बाहेर सोनेरी कड आणि आत साधी पांढरी, भेगा नसलेली झिलई असेल आणि कप बोन चायनाचे किंवा पोर्सेलीनचे असतील, तर मी त्यांतून चहा पिते. आतल्या बाजूला रंगीत फुले असतील तर पीत नाही. उकळते पाणी ओतण्यापूर्वी कप कोमट पाण्याने विसळून घ्यावा, कारण एकच बाजू एकाएकी तापली की तडा जातो.

फुटण्याची आपली भीती खरी आहे, पण ज्या प्रसंगाची आपल्याला भीती वाटते त्यात भांडी क्वचितच फुटतात. माझ्याकडची बहुतेक भांडी जेवणाच्या मेजावर नव्हे, तर धुण्याच्या जागी नळावर आपटून, किंवा एकमेकांवर रचलेली असताना खालचे काढण्याच्या घाईत गेली. धुण्याच्या जागी खाली जाड टॉवेल अंथरावा, एका वेळी एकच भांडे हाती घ्यावे, थाळ्यांच्या मध्ये कागद किंवा कापड घालावे कारण वरच्या थाळीचे खडबडीत बूड खालच्या झिलईला ओरखडते, आणि कप एकात एक घालू नयेत. भिंतीवर टांगायचे असेल तर स्प्रिंगच्या तारेची कडी टाळावी. तिचा सततचा ताण जुन्या कडेचे टवके उडवतो.

मात्र उत्खननातून आलेले मडके किंवा खापर कुणी देऊ केले, तर ते कोठून आले याची कागदपत्रे असल्याशिवाय घेऊ नये. त्यात क्षार भरलेले असतात, आणि जमिनीतून उपटल्यावर त्याच्याविषयी जे कळू शकले असते तेही बरेचसे गेलेले असते.

आणि एखादे फुटलेच, तर त्याच दिवशी घाईने चिकटवू नये. अगदी बारीक कपचीसुद्धा गोळा करून, कडा एकमेकींवर घासू न देता, कागदात वेगवेगळी गुंडाळून ठेवावी. इपॉक्सी या कडक गोंदाचा सांधा पक्का होतो पण चुकला तर सोडवणे अवघड जाते. संग्रहालयांतील दुरुस्तीकार वापरतात ते पॅरालॉइड बी-७२ नावाचे चिकटद्रव्य ॲसिटोनने पुन्हा विरघळते, म्हणून शोभेच्या वस्तूला मी तेच लावते. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात चीनमधील लाँगचुआनच्या भट्टीतला तेराव्या शतकातला एक फिकट हिरवा वाडगा आहे. परंपरेने सांगतात, की पंधराव्या शतकात त्याला तडा गेला तेव्हा जपानचा शोगुन म्हणजे लष्करी शासक आशिकागा योशिमासा याने तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागवला. तसा आता होत नाही, असे म्हणून तिकडच्या लोकांनी तोच वाडगा धातूच्या टाचण्यांनी सांधून परत धाडला. त्या टाचण्या टोळासारख्या दिसतात म्हणून जपानी लोकांनी त्यांवरूनच त्याचे नाव ठेवले. माझ्याकडे अशीच टाचण्यांनी सांधलेली एक थाळी आहे. तिच्यात मी चष्मा ठेवते, आणि सकाळी उठल्यावर माझा हात सर्वांत आधी तिच्याकडेच जातो.